मोबाईलवरील मेनू बंद पडल्यास : दोषशोधनाची पद्धत

कोणतीही योजना कितीही विचारपूर्वक आखलेली असली, तरी तिची माहिती वेळेवर लोकांच्या हाती पडल्याखेरीज ती फलद्रूप होत नाही. एके काळी ही माहिती दवंडीने, चावडीवरील फलकाने आणि आकाशवाणीच्या कार्यक्रमांतून खेडोपाडी पोहोचत असे. आज तिचा मोठा भाग संकेतस्थळांवर आला आहे. अमरावती जिल्ह्याचे १४ आणि अकोला जिल्ह्याचे ७ तालुके विचारात घेतले, तर वऱ्हाडातील या भूभागात असंख्य कुटुंबे अशी आढळतील, की ज्यांच्या घरी संगणक नाही. खिशातील मोबाईल हाच त्यांचा संगणक होय. वरुड-मोर्शीचा संत्रा बागायतदार, पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातील कास्तकार आणि मेळघाटातील धारणी किंवा चिखलदऱ्याचा विद्यार्थी हे सर्वजण त्याच लहानशा पडद्यावर माहिती शोधीत असतात.

या पडद्यावर संकेतस्थळाची अनुक्रमणिका, म्हणजेच मेनू, जागेअभावी दुमडून ठेवलेली असते. कोपऱ्यात तीन आडव्या रेघांचे एक बटण असते आणि त्यावर बोट टेकविले म्हणजे मेनू उघडतो. हे बटण निकामी झाले, की आतील सर्व पाने जागच्या जागी असूनही त्यांच्याकडे जाणारी वाट बंद होते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ अन्वये सार्वजनिक प्राधिकरणांनी आपणहून माहिती प्रसिद्ध करावयाची असून त्यासाठीच्या माध्यमांत इंटरनेटचाही उल्लेख आहे. परंतु बंद मेनूच्या आड राहिलेली माहिती ही त्या नागरिकापुरती अप्रसिद्धच राहते. खरीप पीक विम्याच्या अर्जाची मुदत बहुधा जुलैअखेरीस संपते. अशा वेळी संबंधित पान न सापडल्याने वाया गेलेला आठवडा भरून निघत नाही.

या दोषाचे एक वैशिष्ट्य असे, की ज्याने तो दुरुस्त करावयाचा त्याला तो बहुधा दिसतच नाही. संकेतस्थळाची देखभाल करणारा कर्मचारी टेबलावरील रुंद पडद्यासमोर बसतो. तेथे मेनू दुमडलेला नसतो. सर्व शीर्षके वरच्या पट्टीत ओळीने उभी असतात आणि ती चालतातही. त्यामुळे तक्रार आली तरी "आमच्याकडे तर व्यवस्थित दिसते" असे उत्तर मिळते. दोन्ही पक्ष खरे बोलत असतात. मात्र ते दोन वेगवेगळ्या गोष्टी पाहत असतात. म्हणूनच दोषशोधनाचा आरंभ तक्रारदाराच्या पडद्यावरून झाला पाहिजे.

मेनूची घडण

तीन आडव्या रेघांचे चिन्ह मोबाईलपेक्षा जुने आहे. १९८१ साली बाजारात आलेल्या झेरॉक्स स्टार या संगणकासाठी नॉर्म कॉक्स यांनी ते रेखाटले होते. त्याचा सार्वत्रिक प्रसार मात्र खूप नंतर झाला. २००७ साली आयफोन आला तेव्हा बहुतेक संकेतस्थळे रुंद पडद्यासाठीच घडविलेली होती. ती दिसावीत म्हणून त्या फोनमधील ब्राउझर पान सुमारे ९८० पिक्सेल रुंद आहे असे गृहीत धरी आणि ते आकुंचित करून दाखवी. २०१० च्या मे महिन्यात ईथन मार्कोट यांनी पडद्याच्या रुंदीप्रमाणे स्वतःची मांडणी बदलणाऱ्या पानांची कल्पना मांडली. २०११ साली बूटस्ट्रॅप हा तयार साचा उपलब्ध झाला आणि रुंद पडद्यावर पसरणारा व अरुंद पडद्यावर दुमडणारा मेनू सर्वत्र रूढ झाला.

असा मेनू तीन घटकांच्या सहकार्याने चालतो. पहिला घटक एचटीएमएल. यात मेनूतील दुव्यांची यादी आणि बटण लिहिलेले असते. दुसरा घटक सीएसएस. पडदा किती रुंद असताना यादी लपवावी आणि बटण दाखवावे, हे त्यात ठरविलेले असते. तिसरा घटक जावास्क्रिप्ट. बटणाला स्पर्श होताच लपलेली यादी उघडी करण्याचे काम ती करते. बटणाने कोणती यादी उघडावयाची हे कळावे, म्हणून यादीला एक ओळखनाव दिलेले असते आणि बटणावर त्याच नावाची नोंद असते. या तिघांपैकी एकाने साथ सोडली तरी मेनू बंद पडतो. सबब दोष कोणत्या घटकात आहे, हे आधी निश्चित करणे अगत्याचे ठरते.

तपासणीचा क्रम

विहिरीवरील मोटरपंप बंद पडला, तर अनुभवी शेतकरी लगेच मोटर उघडीत नाही. आधी वीज आहे का ते पाहतो, नंतर फ्यूज, नंतर स्टार्टर, आणि मोटर फिरत असूनही पाणी येत नसेल तर फूट-व्हॉल्व्ह. प्रत्येक पायरीवर तो एक शक्यता बाद करीत जातो. मेनूच्या बाबतीतही हीच शिस्त उपयोगी पडते.

प्रथम तक्रारदाराकडून पाच गोष्टी विचारून घ्याव्यात : फोन कोणता, ब्राउझर कोणता, पान कोणते, ते मराठी की इंग्रजी आणि फोन उभा धरला होता की आडवा. त्यानंतर तेच पान ब्राउझरच्या खासगी खिडकीत उघडावे, म्हणजे पूर्वी साठवून ठेवलेल्या जुन्या प्रतीमुळे दिशाभूल होत नाही. संगणकावर क्रोम ब्राउझरमध्ये एफ-१२ ही कळ दाबली, की तपासणीची साधने उघडतात. तेथे कंट्रोल, शिफ्ट आणि एम या कळा एकत्र दाबल्यास पान मोबाईलच्या रुंदीत दिसू लागते. दोष येथे दिसला तर काम सोपे होते. न दिसल्यास अँड्रॉइड फोन यूएसबी तारेने संगणकाला जोडून आणि फोनमधील विकसकांच्या पर्यायांतून यूएसबी डीबगिंग चालू करून प्रत्यक्ष फोनवरील पान संगणकावरून तपासता येते.

दोष एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, की तो पुढील चारपैकी कोणत्या प्रकारात मोडतो हे ठरवावे : बटणच दिसत नाही, बटण दिसते पण स्पर्शाला प्रतिसाद देत नाही, मेनू उघडतो पण पूर्ण दिसत नाही, मेनू दिसतो पण त्यातील दुवे चालत नाहीत.

बटणच दिसत नसल्यास

सबंध पान बारीक अक्षरांत, जणू दूरवरून पाहिल्यासारखे दिसत असेल, तर व्ह्यूपोर्टची ओळ गहाळ असण्याचा संभव अधिक असतो. पानाची रुंदी यंत्राच्या रुंदीइतकी धरावी, असे ब्राउझरला सांगणारी ही एक लहानशी ओळ पानाच्या शीर्षभागात असावी लागते. ती नसेल तर फोन पान रुंद असल्याचे मानतो आणि मोबाईलसाठी लिहिलेले नियम लागूच होत नाहीत.

दुसरे कारण रुंदीच्या दोन मर्यादा परस्परांशी न जुळण्याचे. समजा, ९९२ पिक्सेलपेक्षा कमी रुंदीवर यादी लपते, पण बटण मात्र ७६८ पेक्षा कमी रुंदीवरच प्रकट होते. अशा वेळी ७६८ ते ९९१ या पट्ट्यात यादीही नाही आणि बटणही नाही, अशी अवस्था होते. टॅबलेटवर किंवा आडव्या धरलेल्या मोठ्या फोनवर ही तक्रार येते. उभ्या फोनवर येत नाही. तक्रारदाराला फोन कसा धरला होता हे विचारण्याचे प्रयोजन यात आहे. कधी कधी बटण जागेवर असते, परंतु त्यावरील तीन रेघा दुसऱ्या सर्व्हरवरून येणाऱ्या चिन्हांच्या फॉन्टमधून काढलेल्या असतात. तो फॉन्ट आला नाही, की बटण रिकामे दिसते.

बटण प्रतिसाद देत नसल्यास

ही तक्रार सर्वांत जास्त आढळते. येथे तपासणीच्या साधनांतील कन्सोल हा विभाग उघडावा. लाल अक्षरांतील पहिली नोंद वाचावी. खालच्या नोंदी पुष्कळदा तिचाच परिणाम असतात. जावास्क्रिप्टमध्ये एका ठिकाणी त्रुटी आली, की त्या फाईलमधील पुढील काम तेथेच थांबते. त्यामुळे छायाचित्रांची मालिका फिरविणाऱ्या भागातील चूक मेनूलाही बंद पाडू शकते.

नवीन आवृत्ती बसविल्यानंतर मेनू बंद पडला असेल, तर जुन्या-नव्याचा मेळ तपासावा. वर्डप्रेसची ५.५ ही आवृत्ती ऑगस्ट २०२० मध्ये आली, तेव्हा जेक्वेरी मायग्रेट ही जुन्या लिखाणाला आधार देणारी फाईल आपोआप जोडली जाणे थांबले. परिणामी जुन्या थीम वापरणाऱ्या अनेक संकेतस्थळांचे मेनू व चित्रमालिका एकाएकी निकामी झाल्या. मे २०२१ मध्ये आलेल्या बूटस्ट्रॅप ५ मध्ये बटणावरील "डेटा-टॉगल" या खुणेचे नाव "डेटा-बीएस-टॉगल" असे झाले. साचा नवा आणि खूण जुनी राहिली, तर बटण दिसते, कन्सोलमध्ये त्रुटीही दिसत नाही, पण मेनू मात्र उघडत नाही. साच्याची फाईल चुकून दोनदा जोडली गेल्यासही असेच घडते. पहिली मेनू उघडते आणि दुसरी त्याच क्षणी बंद करते.

कन्सोल निर्मळ असेल तर बटण आणि यादी यांचे ओळखनाव जुळते का, हे पाहावे. त्यानंतर बटणावर एखादा अदृश्य थर आलेला नाही ना, याची खात्री करावी. सूचनापट्टी किंवा शोधपेटी यांची पारदर्शक कड बटणावर पसरली, की बोट बटणावर टेकल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात ते त्या थरावर टेकते. तपासणीच्या साधनांतील निवडीचा बाण बटणावर नेल्यास तेथे नेमका कोणता घटक आहे हे तत्काळ कळते. संकेतस्थळ सुरक्षित एचटीटीपीएस पत्त्यावर नेल्यानंतर स्क्रिप्ट मात्र जुन्या असुरक्षित पत्त्यावरून मागविली जात असेल, तर ब्राउझर ती अडवितो, हेही ध्यानात ठेवावे.

मेनू पूर्ण दिसत नसल्यास

येथे दोष बहुधा सीएसएसचा असतो. शीर्षपट्टीबाहेर जाणारा भाग लपवावा असा नियम असेल, तर उघडलेली यादी कापली जाते. थरांचा क्रम ठरविणारा झेड-इंडेक्स कमी असेल, तर यादी मोठ्या छायाचित्राच्या मागे उघडते.

मराठी संकेतस्थळांच्या बाबतीत आणखी एक बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. अनेक साचे इंग्रजी शब्दांची लांबी डोळ्यांपुढे ठेवून घडविलेले असतात. "होम" किंवा "स्कीम्स" यांना पुरेल इतकी जागा "जिल्हा नियोजन समिती" किंवा "प्रधानमंत्री पीक विमा योजना" यांना पुरत नाही. शीर्षक दोन ओळींत जाते, यादीची उंची वाढते आणि उंचीवर ठराविक मर्यादा घातलेली असल्यास शेवटची शीर्षके पडद्याबाहेर राहतात. मागील पान सरकू नये म्हणून ते रोखलेले असेल आणि यादीलाही स्वतंत्रपणे सरकण्याची सोय नसेल, तर तेथवर पोहोचण्याचा कोणताही मार्ग उरत नाही. ओळीची उंची कमी असल्यास देवनागरीतील वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार छाटले जातात. यास्तव मेनूची परीक्षा नेहमी सर्वांत लांब मराठी शीर्षकाने घ्यावी.

पडद्याच्या पूर्ण उंचीइतकी यादी ठेवतानाही एक अडचण येते. मोबाईलच्या ब्राउझरमधील पत्त्याची पट्टी दिसत असताना प्रत्यक्ष दिसणारा भाग त्या उंचीपेक्षा कमी असतो. परिणामी तळाचा दुवा झाकला जातो. यावर उपाय म्हणून बदलत्या उंचीचे डीव्हीएच हे एकक २०२२ पासून प्रमुख ब्राउझरांत उपलब्ध झाले आहे.

दुवे चालत नसल्यास

रुंद पडद्यावर माउसचा बाण शीर्षकावर नेला, की उपमेनू उघडतो. बोटाला असे नुसते वर रेंगाळता येत नाही. "विभाग" या शीर्षकावर बोट टेकविताच उपमेनू उघडण्याऐवजी विभागाचे पान उघडते आणि आतील "कृषी" वा "आरोग्य" हे दुवे अप्राप्य राहतात. अशा वेळी शीर्षकाशेजारी उपमेनूसाठी वेगळे बटण ठेवणे हाच सरळ उपाय होय.

एक उदाहरण

कल्पना करावी, की अकोट तालुक्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीचे मराठी व इंग्रजी अशा दोन भाषांतील संकेतस्थळ आहे. जुलैमध्ये सभासदांकडून मेनू उघडत नसल्याची तक्रार येते. तपासणीत आढळते, की इंग्रजी पानावरील मेनू उघडतो, मराठी पानावरील उघडत नाही. एवढ्या एका निरीक्षणाने सर्व्हर, फोन आणि दोन्ही पानांना सामाईक असलेली स्क्रिप्ट हे तिन्ही संशयातून मुक्त होतात. कन्सोलमध्ये लाल नोंद नाही. दोन्ही पानांचे एचटीएमएल शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्यावर दिसते, की भाषांतर करताना शीर्षकांबरोबर यादीचे ओळखनावही बदलले गेले आहे. बटण "मेन-मेनू" शोधीत आहे आणि यादीचे नाव "मुख्य-मेनू" असे झाले आहे. एक शब्द पूर्ववत करताच मेनू उघडतो.

परंतु काम येथे संपत नाही. उघडलेल्या यादीत "पीक विमा" हे शेवटचे शीर्षक दिसत नाही, कारण मराठी शीर्षके दोन ओळींत गेल्याने ते पडद्याखाली गेले आहे. पहिल्या दोषाच्या आड दुसरा दोष दडलेला होता. दुरुस्तीनंतर प्रत्येक दुवा बोटाने उघडून पाहण्याची आवश्यकता यावरून स्पष्ट व्हावी.

दुरुस्ती करताना

मूळ फाईलची प्रत काढून ठेवल्याशिवाय बदल करू नये. एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम पाहूनच पुढील बदल हाती घ्यावा. तीन बदल एकदम केले आणि मेनू चालू लागला, तर कारण कळत नाही व तोच दोष पुन्हा आल्यास सर्व शोध नव्याने करावा लागतो. दोष, कारण, उपाय आणि दिनांक यांची नोंद वहीत ठेवावी.

दुरुस्तीनंतरही काही फोनवर जुनाच मेनू दिसत राहतो. ब्राउझरने जुनी सीएसएस व स्क्रिप्ट साठवून ठेवलेली असते. प्रत्येक नागरिकाला साठवण पुसावयास सांगणे व्यवहार्य नाही. त्याऐवजी फाईलच्या नावापुढील आवृत्तीक्रमांक बदलावा, म्हणजे ब्राउझर नवी प्रत आपोआप मागवितो. सर्व्हरवरील साठवणही त्याच वेळी रिकामी करावी.

दोष उद्भवू नये म्हणून

मेळघाटासारख्या डोंगराळ भागात नेटवर्क क्षीण असते. पानातील मजकूर आला, पण स्क्रिप्ट वाटेतच राहिली, असे तेथे घडू शकते. यास्तव स्क्रिप्ट न आल्यासही यादी उघडी राहील अशी मेनूची रचना करावी. स्क्रिप्ट आल्यावरच ती दुमडली जावी. एचटीएमएलमधील "डिटेल्स" आणि "समरी" या जोडीने तर स्क्रिप्टशिवायही उघडणारा-मिटणारा मेनू तयार होतो. हंगामातील निकडीचे दोन-तीन दुवे मुखपृष्ठाच्या मजकुरातही द्यावेत, म्हणजे मेनू बंद पडला तरी काम अडत नाही.

तीन रेघांचा अर्थ सर्वांनाच ठाऊक असतो असे नाही; त्यांच्याशेजारी "मेनू" हा शब्द लिहिल्यास नवख्या वापरकर्त्याची सोय होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वेब सुगमतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांच्या २.२ या आवृत्तीत स्पर्शाच्या जागेचे किमान माप, काही अपवाद वगळता, २४ गुणिले २४ पिक्सेल सांगितले आहे. कष्टाच्या कामाने राठ झालेल्या बोटांसाठी ते ४४ पर्यंत वाढविणे श्रेयस्कर. बटण हे खरोखरीचे बटण म्हणूनच लिहिलेले असावे आणि मेनू उघडा आहे की मिटलेला, हे पडदावाचकाला कळेल अशी खूण त्यावर असावी, म्हणजे दृष्टिहीन नागरिकालाही तो वापरता येतो. भारत सरकारच्या संकेतस्थळविषयक मार्गदर्शक तत्त्वांची पहिली आवृत्ती २००९ साली आणि तिसरी २०२३ साली प्रसिद्ध झाली. सुगमता हा त्या तत्त्वांचा महत्त्वाचा भाग आहे.

अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांची शासकीय संकेतस्थळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या सामाईक मंचावर उभारलेली आहेत. अशा मंचाचा लाभ असा, की साच्यातील सुधारणा एका ठिकाणी झाली की ती सर्वत्र पोहोचविता येते. सहकारी संस्था, ग्रंथालये, शाळा आणि शेतकरी कंपन्या यांना मात्र आपली व्यवस्था आपणच पाहावी लागते. त्यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. दर महिन्याला एकदा आणि प्रत्येक नव्या आवृत्तीनंतर लगेच, साध्या किमतीच्या एका फोनवर, मराठी पानावरील मेनूचा प्रत्येक दुवा उघडून पाहणे एवढे काम एका जबाबदार व्यक्तीकडे सोपवावे. महाविद्यालयांतील संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातील संस्थांसाठी ही तपासणी हाती घेतल्यास त्यांनाही प्रत्यक्ष कामाचा अनुभव मिळेल आणि मुदत संपण्यापूर्वी माहिती शोधणाऱ्या शेतकऱ्याला हवे ते पान वेळेवर सापडेल.